तिसऱ्या दिवसाचं गणित

पहिला हात शैलजाने उचलला. नंतर इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या गल्ल्यांतून गोष्ट फिरली ती नेमकी उलटी: बापाला जाऊन तीन दिवस झाले नाहीत तोच भावाने बहिणीला आईच्या डोळ्यांदेखत मारलं. लोकांना गोष्ट अशीच बरी वाटते. खरं असं, की सुधाकर जिना चढून दारात आला, त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या, वर्गातही कधी आवाज न चढवणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की त्याचा चष्मा जिन्यावरून घरंगळत थेट तळमजल्याला गेला.

एवढा राग एका दुपारचा नसतो. हा दोन वर्षं साठत आला होता.

करोनाचा कहर होता तेव्हा देशभरचे गणिती पुढच्या आठवड्याचे आकडे मांडण्यात गढलेले होते. शैलजाला पुढच्या आठवड्यात रस नव्हता. तिला पुढची दहा वर्षं हवी होती. हा विषाणू कुठे जात नाही, तो आता हट्टी भाडेकरूसारखा राहणार, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं. मग तो दर वर्षी कधी डोकं वर काढणार, लसीचा जोर किती महिन्यांनी उतरणार, घरातलं कोणतं माणूस आधी उचलणार, हे सगळं तिने समीकरणांत बसवायला घेतलं. लग्न केलं नव्हतं, आईवडिलांजवळ राहायची, कॉलेज सुटलं की कॉम्प्युटरसमोर. शेजारपाजारचे म्हणत, मॅडमना दुसरा उद्योग नाही. नव्हताच. आणि उद्योगामागचं कारण घरातच होतं.

शैलजाच्या आईला, म्हणजे बेबीताईंना, आठ वर्षांपूर्वी किडनी बसवली होती. ती नानांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने दिलेली. ती किडनी शरीराने परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी आईला आयुष्यभर गोळ्या होत्या, आणि त्याच गोळ्या तिची प्रतिकारशक्ती मारून टाकत होत्या. तिला लस लागू पडत नव्हती. इतरांना जो ताप दोन दिवस झोपवतो, तो आईला घेऊन जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हा बाकीच्या जगासाठी शैलजा दहा वर्षांचा अंदाज काढत होती हे खरं, पण मनातून तिला एकच आकडा हवा होता. आई किती हिवाळे काढेल?

आणि इंदूरचा हिवाळाच गणितात बसेना. तिच्या हिशेबाने लाट जानेवारीअखेर उतरायला हवी होती. ती मार्चपर्यंत रेंगाळायची, आणि माणसं जायची ती सगळी साठीच्या पुढची. आठ महिने ती डोकं आपटत होती. एका रविवारी नाना हिंदी पेपर उघडून सवयीप्रमाणे आधी शोकसंदेशांचं पान वाचत होते. म्हणाले, "आज सहा उठावने आहेत. दोन तर अपनेवालेच. कुठे-कुठे जाऊ?"

शैलजाच्या हातातला चहा तसाच राहिला.

इंदुरात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी दुपारी उठावना असतो. चार ते साडेचार. पेपरात सूचना येते, हॉल घेतात, पांढऱ्या गाद्या घालतात, फोटोला हार घालतात, आणि शे-दोनशे माणसं मांडीला मांडी लावून अर्धा तास बसतात. मराठी घरांनीही ही रीत कधीच उचलली आहे, कारण तेराव्यापर्यंत थांबायला सवड कुणाला आहे? तरुण ऑफिसात असतात, म्हणून जाणारे बहुतेक म्हातारे. हिवाळ्यात खिडक्या बंद. म्हणजे एक म्हातारं माणूस जायचं आणि दोनशे म्हाताऱ्यांना एका बंद खोलीत गोळा करून जायचं. बाहेरगावच्या कुठल्याही गणितात मृत्यू हा शेवट होता. इथे ती सुरुवात होती. तिने समीकरणात ते एक पद घातलं आणि रेघ खऱ्या आकड्यांवर बरोब्बर बसली. त्या दिवशी शैलजा न्हाणीघरात जाऊन रडली, आनंदाने.

एका सरकारी कार्यालयाने मागवलेल्या अहवालात तिने एवढंच लिहिलं होतं, की उठावना बंद हॉलमध्ये न करता मोकळ्या मैदानात, खुर्च्या लांब लांब ठेवून करावा. पुढे एक वाक्य होतं: लोक आपली रीत बदलणार नाहीत, असं गृहीत धरून पुढच्या दहा वर्षांचे आकडे दिले आहेत. त्या कार्यालयातून तो फुटला आणि पेपरात मोठ्या अक्षरात आलं, की उठावना मृत्यू पसरवतो असं एका मराठी मॅडमचं म्हणणं आहे. मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात तिच्या स्कूटीवर जळकं ऑइल ओतलं. तिसऱ्या दिवशी घरावर दगड आले. एकाने आईच्या पलंगाजवळची काच फोडली. "हमारे मरे हुओं का अपमान करती है," असं ओरडत चार जण गेटला लाथा घालत होते. त्यांतला एक तिचा जुना विद्यार्थी होता. तिने त्याला कधीकाळी ग्रेस मार्क देऊन पास केलं होतं.

पण खरा मार खाल्ला तो सुधाकरने. त्याचं मल्हारगंजात टेंट हाऊस होतं. गाद्या, चादरी, माइक, खुर्च्या. लग्नं असतात मोसमात, उठावने बारमाही, तेव्हा त्याचा संसार चालायचा तो दुसऱ्यांच्या तिसऱ्या दिवसांवर. टेंटवाल्यांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "तेरी बहन ने सबके पेट पे लात मारी है भिया," आणि सुधाकर उत्तर देणार तोच त्याच्या कपाळावर लोखंडी पाइप बसला. सात टाके. घरी येऊन त्याने सांगितलं, स्कूटरवरून पडलो. खरी गोष्ट त्याच्या बायकोने, सुरुचीने, शैलजाला सांगितली, तीही पंधरा दिवसांनी, आणि सांगून फोन आपटला.

शैलजाने भावाची माफी मागितली नाही. तिला वाटलं, माफी मागितली तर गणित चूक होतं असं होईल. विद्वान माणसं अशी कधीकधी दगडासारखी होतात.

यंदाच्या जानेवारीत नाना गेले. चार दिवस हॉस्पिटलात होते, हृदयाने दगा दिला. त्या चार दिवसांत वॉर्डात जो तो खोकत होता. सुधाकर रात्रंदिवस बापाच्या उशाशी. शैलजा गेली नाही. तिने आईला सांभाळलं. रामराम म्हणायलासुद्धा गेली नाही, आणि हे तिला किती लागलं ते तिचं तिलाच माहीत. दहन झाल्यावर तिने सुधाकरला फोन करून सांगितलं, "तू पाच दिवस आईजवळ यायचं नाही. तुझा घसा बसलाय."

"हॉस्पिटलच्या एसीने बसलाय, ताई."

"असेल. तरी यायचं नाही."

"आणि उठावना? आई नाही बसणार? लोग काय म्हणतील, टेंटवाल्याच्या घरचाच उठावना आणि घरवालीच नाही?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. आई येणार नाही."

तिने हिशेब करून ठेवला होता. दोनशे माणसं, बंद हॉल, बायकांच्या रांगेत आई सर्वांत पुढे. येणारी प्रत्येक बाई तिला मिठी मारणार, गालाला गाल लावून रडणार. आई वाचण्याची शक्यता तिने काढली आणि तो आकडा कुणाला न सांगता खोडून टाकला.

आईला मात्र जायचंच होतं. सकाळपासून ती फिकट साडी नेसून बसली होती. "त्यांचा अर्धा जीव माझ्या पोटात आहे," ती म्हणाली, "आणि मी त्यांना निरोप द्यायला नको जाऊ? कैसी बात करतेस तू?" साडेतीनला खाली स्कूटर थांबली, जिन्यावर पावलं वाजली, आणि आई चपला शोधू लागली. तेव्हा शैलजाचं डोकं फिरलं. तिने दार उघडलं आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

चष्मा गेला तरी सुधाकर हसल्यासारखं करून म्हणाला, "ताई, सुन तो. माझी बात तर ऐक..." तिने दुसरी दिली. मग त्याचंही सुटलं. दोन वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. त्याने तिची दोन्ही मनगटं धरली आणि तिला चपलांच्या कपाटावर ढकललं. कपाटाची कडा तिच्या तोंडावर आली, ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून ब्लाउजवर उतरलं. आई किंचाळत मध्ये आली. शैलजाने तिला कमरेला धरून उचलल्यासारखं आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

"उघड!" सुधाकर ओरडला. "आईला कोंडतेस? आईला?"

तो कडीकडे झेपावला. ती पाठीमागून त्याच्यावर पडली. दोघं बैठकीच्या फरशीवर लोळत होती, चाळीस ओलांडलेली दोन माणसं, लहानपणी एका ताटात जेवलेली. त्याने तिचे केस धरले. ती त्याच्या दंडाला चावली आणि सोडेना. त्याने तिला टीव्हीच्या टेबलावर आपटलं. टीव्ही खाली आला. तिने त्याच्या कपाळावरच्या त्या सात टाक्यांच्या व्रणावर नखं रोवली. हे तिने जाणूनबुजून केलं, आणि ते त्याला कळलं, म्हणून त्याने तिचा गळा धरला. तो धापा टाकत होता, खोकत होता, थुंकी तिच्या डोळ्यांत उडत होती. "तू डायन आहेस," तो तिच्या तोंडासमोर तोंड आणून ओरडत होता, "नानांना शेवटचं पाणीसुद्धा पाजायला नाही आलीस! तुझे आकडे पाजणार होते त्यांना पाणी?"

आतून आई दार बडवत होती. "सोड रे तिला! सोडा एकमेकांना!"

शैलजाचा हात जमिनीवर चाचपडत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. तिथे सकाळी वेलची कुटून ठेवलेला पितळी बत्ता होता. तो तिने उचलून घातला. सुधाकरने हात आडवा केला आणि मनगटातून काड्यांसारखा आवाज आला. तो किंचाळला तो माणसासारखा नव्हता.

चार वाजून गेले होते. लोक वाट बघत असतील. सुधाकर भिंतीला धरून उठला, मोडलेला हात छातीशी घेतला, बंद दाराजवळ गेला आणि म्हणाला, "येतो, आई." मग कण्हत जिना उतरला. बापाच्या उठावन्याला तो तसाच बसला, एका हाताने नमस्कार घेत.

शैलजा जिंकली होती. तिने कडी काढली. तिला वाटलं आई मारेल, शिव्या देईल. आईने तिला पलंगावर बसवलं, दिव्याखाली तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि ओल्या फडक्याने ओठावरचं रक्त पुसायला लागली. हळद लावली, फुंकर घातली, पुन्हा लावली. लहानपणी गुडघा फुटला की करायची तसंच. शैलजा तिच्या छातीत तोंड खुपसून तास दीड तास रडली. एवढं ती नानांसाठीही रडली नव्हती. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि त्या रात्रीपासून दोघी एकाच पांघरुणात झोपू लागल्या.

मारामारीनंतर तिसऱ्या दिवशी शैलजाचा घसा धरला. तिने टेस्ट केली, दोन रेघा आल्या. चौथ्या दिवशी आईला ताप भरला. सहाव्या दिवशी आई अतिदक्षता विभागात होती, आणि शैलजाला आत सोडत नव्हते, कारण ती स्वतः आजारी होती. सुधाकर गेला. त्याचा घसा, खोकला आता बरा झाला होता. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून तो काचेआड आईच्या पायाशी उभा राहायचा. आठव्या दिवशी सकाळी आई गेली. अग्नी त्यानेच दिला, डाव्या हाताने.

संध्याकाळी तो अन्नपूर्णाच्या घराशी आला. वर आला नाही. फाटकाच्या आत, आईच्या कुंड्यांच्या रांगेजवळ उभा राहिला. शैलजा गॅलरीत. मध्ये एक मजला.

"उद्या नाही, परवा," तो म्हणाला. "चार वाजता. कृष्णपुऱ्याला."

"हॉल?"

"हॉल नाही. नदीकाठी, समाधीच्या छत्र्यांच्या बाजूचं मैदान." त्याने पायाने एक कुंडी सरळ केली. "नानांचा पण तिथेच होता."

शैलजाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"नानांचा उठावना हॉलमध्ये नव्हता, ताई. हॉल मी कॅन्सल केला होता. मैदानात घेतला. खुर्च्या सहा-सहा फुटांवर, चुन्याने गोल काढून. सगळे हसून राहिले होते मला. आईची खुर्ची एकदम बाजूला, वाऱ्याच्या उलट अंगाला, पुढे दोरी बांधून, कोणी जवळ जायलाच नको. तिला न्यायला वेगळी रिक्षा सांगितली होती, मी पण लांबच बसणार होतो. तुझी रिपोर्ट वाचली मी. तीनदा. अर्धी समजली नाही, पण वाचली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच तर आलो होतो वर," सुधाकर म्हणाला. "फोनवर तू ऐकत कुठे होतीस?"

गॅलरीचा कठडा शैलजाने दोन्ही हातांनी धरला. तिने लिहिलं होतं, लोक आपली रीत बदलणार नाहीत असं गृहीत धरून. तिने सख्ख्या भावालासुद्धा लोकांत धरलं होतं. दहा वर्षांच्या गणितात तिने ऊन, थंडी, लस, शाळा, लग्नं, मरणं सगळं घातलं होतं, पण रागाने एकमेकांवर तुटून पडणारी दोन भावंडं तिने कुठेच घातली नव्हती. अर्ध्या तासाच्या उठावन्याहून जास्त श्वास त्यांनी एकमेकांच्या तोंडावर टाकला होता.

तिला गप्प बसता आलं असतं. गावात बोलवा अशी होती, की नानांच्या उठावन्यातूनच कुणीतरी आणलं. मॅडम खऱ्या ठरल्या. काल ज्यांनी दगड मारले ते आज हळहळत होते. पण आकडे खोटे लिहायची तिला सवय नव्हती.

"सुधाकर, उठावन्यातून काही आलं नाही. तारखा जुळतात त्या एकाच वाटेने. तुझ्याकडून मला, त्या मारामारीत. माझ्याकडून आईला, पुढच्या दोन रात्रींत, एका पांघरुणात."

"म्हणजे आईला मी मारलं."

"नाही. तू तिच्या खोलीत पाऊल ठेवलं नाहीस. मी गेले. दार मीच लावलं, मीच उघडलं. तिला त्या मैदानात जाऊ दिलं असतं तर आज ती असती."

सुधाकरने जवळची कुंडी डाव्या हाताने उचलली आणि फाटकावर फेकली. मग दुसरी. मग तिसरी. रांगेतली एकेक कुंडी तो फोडत गेला, मोगरा, कोरफड, कढीपत्ता, मुळांसकट. शेजारच्या खिडक्या उघडल्या. शैलजा वरून ओरडली, "मला मार! वर ये आणि मला मार!" तो शेवटच्या कुंडीपर्यंत गेला, मातीत थोडा वेळ उकिडवा बसला आणि उठला.

"तुझी टेस्ट?" त्याने विचारलं.

"दुसरी रेघ अजून आहे."

"मग तुझी खुर्ची वेगळी टाकतो," तो म्हणाला आणि गेला.

परवा चार वाजता शैलजा मैदानात आली ती मागच्या बाजूने, एकटी, तोंडावर मास्क. नदीच्या कडेला सगळ्यांपासून चाळीस पावलांवर एक खुर्ची होती, भोवती चुन्याचा गोल. पलीकडे दोन-अडीचशे माणसं लांब लांब बसलेली, आईचा फोटो, पांढरी चादर, सुधाकर प्लास्टरचा हात घेऊन उभा. कुणी हसत नव्हतं. आपला अहवाल असा जमिनीवर मांडलेला तिने पहिल्यांदा पाहिला, आणि मास्कच्या आत दात आवळून धरले.

तेवढ्यात देवासची मावशी उठली. आईची धाकटी बहीण, सदुसष्ट वर्षांची, दम्याची. चेहरा हुबेहूब आईचा. ती सरळ शैलजाच्या दिशेने निघाली, दोन्ही हात पसरून, रडत, "माझं लेकरू एकटं बसवलंय रे तिकडे, कसली माणसं तुम्ही!"

"मावशी, येऊ नका!" शैलजा उभी राहिली. "तिथेच थांबा!"

मावशीला ऐकू कमी यायचं. ती येतच राहिली. वीस पावलं. पंधरा. शैलजा मागे सरकली. मागे नदीचा उतार होता. "मावशी!" ती घसा फुटेपर्यंत ओरडली. मावशी हसली, रडता रडता हसली, अगदी आईसारखी, आणि हात आणखी पसरले.

शैलजाने वाकून दगड उचलला आणि फेकला. तो मावशीच्या पायाशी पडला. मावशी बावचळली, पण तिला काही समजलं नाही, ती पुन्हा निघाली. दुसरा दगड नडगीवर बसला. मावशी विव्हळत धुळीत खाली बसली.

सगळं मैदान उठलं. "पागल हो गई है!" कुणीतरी ओरडलं. "सगी मौसी को?" दहाबारा माणसं खुर्च्या लाथाडत तिच्याकडे धावली. सुधाकर माइक टाकून त्यांच्या आडवा आला, मोडका हात वर करून.

"एकही पाऊल पुढे नाही," तो म्हणाला. "कोणी हात लावला तर इथेच गाडीन."

मग तो मावशीजवळ गेला, तिला बगलेत धरून उठवलं, आणि मान वळवून बहिणीकडे पाहिलं. दोघांत दहा पावलं होती.

"नाही पोचली ती, ताई," तो म्हणाला. "बस तू."

शैलजा बसली. तिसरा दगड तिच्या मुठीत होता आणि तो खाली टाकावा एवढं तिच्या बोटांना कळत नव्हतं.